रामबागेतून, मूर्खपणाविषयी

रामबाग, इंदूर
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, याची लाज वाटते. प्रकृती ठीक आहे, साखर थोडी वर आहे, गुडघ्यांची तक्रार जुनीच आहे. पण आज लिहायला बसलो ते ख्यालीखुशालीसाठी नाही. इथे एक गोष्ट घडली आहे. ती दुसऱ्या कोणाला सांगितली तर तो मला सल्ला देईल. तू आधी हसशील, आणि सध्या मला तेच हवे आहे.

मी धाकट्या भावाला मूर्ख म्हणालो. बिल्डर समोर बसलेला, सूनबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, आणि मी ओटल्यावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात "अरे मूर्खा, तुला व्यवहार कळतो तरी का?" असे विचारले. प्रकरण घराचे आहे. अण्णांचे घर पाडून तिथे मल्टी उभी करायची, आम्हा भावांना दोन-दोन फ्लॅट आणि वर काही रोख, असा प्रस्ताव होता. धाकट्याचे म्हणणे इतकेच होते की मागच्या खोलीतल्या आत्याचे दिवस तिथेच सरू द्यावेत. 91 वर्षांच्या बाईला भाड्याच्या जागेत नेऊन काय करायचे? त्यावर माझ्या तोंडून ते वाक्य गेले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने संमतिपत्र सही करून आणले, "दादा, तू मोठा आहेस, तू ठरव," एवढे म्हणाला आणि गेला. त्याला आज तीन आठवडे झाले. कागद माझ्या कपाटात आहे, धाकटा संध्याकाळच्या चहाला येत नाही, मागच्या दाराने ये-जा करतो. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या मधल्या दाराला कडी आहे, आणि ती माझ्या बाजूने आहे.

तुझे ते बायबल मी परवा माळ्यावरून काढले. कृष्णपुऱ्याला होळकरांच्या छत्र्यांपाशी, त्या समाधिस्मारकांपाशी, आपण जिच्यावरून भांडलो होतो ती ओळ शोधायची होती. तुला आठवत असेलच, कारण त्यानंतर तू आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय. चौथ्या ओळीत सांगितले आहे की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, देशील तर तूही त्याच्यासारखाच होशील. आणि पाचव्या ओळीत लगेच सांगितले आहे की मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर दे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल. मी तेव्हा म्हणालो होतो की ही नीतिसूत्रे ज्याच्या नावावर आहेत त्या तुमच्या शलमोन राजाला एका ओळीत लिहिलेले पुढच्या ओळीत आठवत नाही, किंवा भाषांतर करणाऱ्याला तरी डुलकी लागली असावी. त्यावर तू इतका भडकलास की पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल साध्या मराठीत कसे आणले, हे तू मला राजवाड्यापर्यंत चालता चालता ऐकवलेस. डुलकीचे शब्द मी आज मागे घेतो. फार उशीर झाला आहे, हे मान्य.

त्या दोन ओळी एकमेकींना खोडत नाहीत, हे मला धाकट्याच्या त्या सहीने शिकवले. तो गप्प राहिला, म्हणजे त्याने माझ्या पातळीवर उतरायचे नाकारले; आणि सही करून दिली, म्हणजे मला असे उत्तर दिले की मी स्वतःला शहाणा समजू शकत नाही. दोन्ही ओळी एका माणसाने एका रात्रीत पाळल्या, तेही त्या न वाचता. आणि मूर्खाच्या जागी कोण बसला होता, हे तुला सांगायला नको.

त्या अध्यायाच्या पहिल्या बारा ओळींत दुसरी तेवढी सोडली तर प्रत्येकीत मूर्खच आहे. पावसासारखा अवेळी येणारा मान, वांतीकडे परतणारे कुत्रे, हे वाचताना मला सूनबाईच्या माहेरची मंडळी दिसत होती आणि मजा येत होती. बाराव्या ओळीशी मजा संपली. आपल्याच दृष्टीने शहाणा असलेला माणूस तू पाहिला आहेस का, त्याच्यापेक्षा मूर्खाविषयी अधिक आशा आहे, अशी ती ओळ आहे. अण्णा रोज दासबोध वाचत, दुसऱ्या दशकातली मूर्खलक्षणे मोठ्याने वाचून आमच्याकडे पाहत, आणि पढतमूर्खाचा समास आला की चष्मा काढून माझ्याकडेच पाहत. मला वाटे, मी शिकलो म्हणून कौतुकाने पाहतात.

आजवर माझी समजूत होती की मूर्ख म्हणजे बुद्धीने कमी. नीतिसूत्रांत तसे नाहीच. तिथे भोळा आहे, त्याला अजून कळायचे आहे. निंदक आहे, त्याला टिंगलीतच रस आहे. आणि मूर्ख आहे, त्याला कोणी सांगितलेले सोसत नाही. नवव्या अध्यायात ज्ञान आणि मूर्खपणा या दोन बायका नगराच्या उंच जागेवरून हाका मारतात आणि भोळ्याला बोलावताना दोघींचे शब्द अगदी सारखे आहेत: जो भोळा असेल त्याने इकडे वळावे. हाक ऐकून कोणते घर कोणाचे हे कळायची सोयच नाही. बिल्डरही मोठ्या गोड आवाजात बोलत होता.

पण खरा दणका बसला तो लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात. कोठारे पाडून मोठी कोठारे बांधणाऱ्या श्रीमंताची गोष्ट मला माहीत होती; ती कशावरून निघाली हे माहीत नव्हते. गर्दीतला एक माणूस येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी द्यायला सांगा. येशू म्हणतो, मला तुमचा न्यायाधीश कोणी नेमले? आणि मग ती गोष्ट सांगतो. ती वाचताना बोट ठेवून पाहा: तो शेतकरी सगळे स्वतःशीच बोलतो, माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. भाऊ नाही, बायको नाही, मागच्या खोलीत आत्या नाही. त्याच्याशी दुसरे कोणी बोलते ते एकदाच, आणि तो देव असतो. तो पहिलाच शब्द काय उच्चारतो? मूर्खा. त्या रात्री मी दोनदा उठून पाणी प्यायलो.

वकिलाचा मुलगा असल्यामुळे पळवाट शोधलीच. मत्तयाच्या शुभवर्तमानात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात लिहिले आहे की भावाला मूर्ख म्हणेल तो नरकाग्नीस पात्र होईल. मात्र त्याच मत्तयात तेविसाव्या अध्यायात येशू स्वतः परूशांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहूदी पंथाच्या लोकांना, मूर्ख म्हणतो. हा मुद्दा तुझ्यासमोर मांडून तुला चिडवायचा माझा विचार होता. मग लक्षात आले की परूशी भाऊ नव्हते, आणि त्यांच्या घरावर त्याचा डोळा नव्हता.

तुझी वहिनी या काळात बायबलातली अबीगईल झाली आहे. नाबालाने, ज्याच्या नावाचाच अर्थ मूर्ख, दाविदाच्या माणसांना हाकलून दिल्यावर त्याची बायको त्याला न सांगता गाढवांवर भाकरी लादून निघते. ही मला न सांगता पुरणपोळ्यांचा डबा मागच्या दाराने नेते. डबा परत आला तेव्हा त्यात आत्याने केलेले मेतकूट होते. नाबालाला हे दुसऱ्या दिवशी कळल्यावर त्याचे काळीज दगड झाले आणि दहा दिवसांनी तो मेला. माझे एकवीस झाले, तेव्हा मी त्याच्यापेक्षा बरा असावा.

आणखी एक बाकी आहे. 1983 साली तू बँक सोडून त्या शाळेत शिकवायला गेलास, तेव्हाही मी तुला हाच शब्द वापरला होता, सराफ्यात, भुट्ट्याचा कीस खाता खाता. तू प्रेषित पौलाचे काहीतरी म्हणालास, या जगाचे ज्ञान देवाच्या दृष्टीने मूर्खपण आहे असे, आणि मी म्हणालो, पगाराची चिठ्ठीही त्याच दृष्टीने बघ. तूही तेव्हा गप्प राहिलास. मला गप्प बसणारी माणसेच का मिळाली, देव जाणे.

आता अडचण अशी. कागद फाडायचा हे ठरले आहे. पण तो धाकट्यासमोर फाडला तर सूनबाई पाहील, आत्या रडेल, आणि मी पुन्हा माझ्याच दृष्टीने शहाणा होईन. गुपचूप फाडला तर त्याला कळणार कसे? क्षमा मागायची तर ती कशी मागतात हे या वयात कोणाकडे शिकायला जाऊ? चार शब्द लिही, नाहीतर फोन कर.

तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले? मुलगी पुण्यातच आहे ना? वहिनींना नमस्कार सांग. शेव पाठवतो.

तुझा,
रामबागेतला

ता. क. पाकीट चिकटवण्यापूर्वी मागच्या खोलीत जाऊन आलो. धाकटा घरी नव्हता, आत्याची औषधे आणायला गेला होता. आत्याने विचारले, तो ख्रिस्ती मुलगा हल्ली पोहे खायला का येत नाही? तू आता आजोबा झाला आहेस, हे मी तिला सांगितले नाही.