मेंढ्या मारणारा ‘रानकुत्रा’ बहुतेकदा गावचाच असतो

संपादक महोदय,

‘रानकुत्र्यांनी मेंढ्यांचा फडशा पाडला’ अशी बातमी वरचेवर छापून येते. बातमीतला तो एक शब्द चुकला की पुढचा बंदोबस्तही चुकतो, म्हणून हे पत्र. रानकुत्रा म्हणजे कोळसुंदा. अंग तांबूस, शेपटी काळी नि झुपकेदार. भुंकत नाही, शीळ घालतो. तो ताडोबा-मेळघाटात, कोयना-चांदोलीच्या रानात राहतो, माणसाला टाळतो आणि शिकार बहुधा दिवसाउजेडी करतो. माण, जत, कर्जतच्या उघड्या माळावर पहाटे चारला वाघरीत (मेंढ्या कोंडायच्या जाळीच्या वाड्यात) घुसणारी पाच-सहा जणांची टोळी ही जवळपास नेहमीच भटक्या कुत्र्यांची असते. त्यातल्या एखाद्याच्या गळ्यात पट्टाही सापडतो.

हा फरक पैशाचाही आहे. वन विभागाच्या भरपाईच्या यादीत बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा यांच्याबरोबर रानकुत्राही आहे. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शेळी-मेंढीमागे बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळते. गावच्या कुत्र्याने मारले तर या योजनेतून दमडी मिळत नाही. साहजिकच मेंढपाळ लांडग्याचे नाव घेतो, वनरक्षक कुत्र्याचे घेतो, आणि वाद मिटेपर्यंत कावळ्यांनी पुरावा संपवलेला असतो.

वास्तविक मेलेले जनावरच साक्ष देते. मात्र नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल तर सुरी लावू नका. तो फाशी (अँथ्रॅक्स) हा रोग असू शकतो, पशुवैद्यकाला बोलवा. तसे नसेल तर त्याच्याकडूनच गळ्याची आणि मांड्यांची कातडी सोलून घ्यावी. जिवंतपणी चावा बसला असेल तर कातडीखाली रक्त साकळून जांभळट थर दिसतो. आजाराने मेलेले मेंढरू नंतर कुत्र्यांनी फाडले असेल तर आतले मांस फिकट, कोरडे असते. बिबट्या आणि लांडगा गळा धरतात. बिबट्याच्या सुळ्यांची भोके खोल नि स्वच्छ असतात, लांडगा कोकरू तोंडात धरून लांब नेतो. कुत्र्याला शिकारीचा सफाईदारपणा नसतो. तो मागचे पाय, शेपूट, कान, कास मिळेल तिथे चावतो, ओढतो आणि पुढच्या मेंढीकडे वळतो. दहा जखमी, चार मेलेल्या आणि खाल्लेली जेमतेम एक, असे चित्र दिसले तर संशय कुत्र्यावरच घ्यावा. अर्थात कोंडलेल्या कळपात शिरलेला लांडगाही एकापेक्षा जास्त मारतो, तेव्हा नुसत्या आकड्यावरून निकाल देऊ नये.

आता ही कुत्री जगतात कशावर ते बघा. मेंढरू हे त्यांचे रोजचे अन्न नव्हे. पाच हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीत पाच टक्के मर धरली तरी चाळीस-बेचाळीस दिवसांच्या एका बॅचला अडीचशे पक्षी मरतात, म्हणजे दिवसाला सहा. ते बांधापलीकडे फेकले की टोळीचा शिधा बसल्या जागी लागला. त्यात चिकनच्या दुकानांची आतडी आणि ओढ्यात टाकलेली मेलेली गुरे. पूर्वी ही गुरे गिधाडे संपवत. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या जनावरांचे मांस खाऊन ती मेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली खरी, पण माळावरची गिधाडांची जागा तोवर कुत्र्यांनी घेतली होती. बॅच उचलली गेली आणि शेड पंधरा-वीस दिवस रिकामी राहिली, की तीच टोळी उपाशी होऊन मेंढवाड्याकडे वळते.

म्हणून पहिला खर्च खड्ड्यावर करावा. मोठ्या जनावराला आठ फूट लांब, पाच फूट रुंद, सहा-सात फूट खोल खड्डा लागतो. जेसीबीला हे थोड्या वेळाचे काम. विहीर आणि ओढ्यापासून लांब, उंचवट्याची जागा निवडा. जनावर पोत्यात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पुरू नका, ते कुजत नाही. वर चुना, किमान तीन फूट माती आणि त्यावर बाभळीच्या फांद्या. दोन फुटांचा खड्डा खणून माती लोटली तर दुसऱ्या रात्रीच कुत्री उकरतात. पोल्ट्रीवाल्यांनी मेलेल्या पक्ष्यांचे खत करावे. तळाला फूटभर कोरडे लिटर (शेडमध्ये पक्ष्यांखाली अंथरलेले तूस), त्यावर पक्ष्यांचा एकच थर, भिंतीपासून वीतभर आत, वर पुन्हा लिटर आणि बेताचे पाणी. ढीग नीट जमला तर काही दिवसांत हाताला सोसणार नाही इतका तापतो. वास आला तर पाणी जास्त झाले किंवा लिटर कमी पडले असे समजावे.

वाघर हा धनगराचा जुना उपाय, पण कुत्रे जाळीवरून क्वचितच येते. ते खालून घुसते. जाळीची खालची कड दर तीन-चार फुटांवर खुंटीने जमिनीला आवळली पाहिजे. मुक्काम पक्का असेल तर पाच-सहा फुटी तारजाळी लावून तिची दोनेक फूट पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरावी आणि दगड-मातीने दाबावी. उकरणारे कुत्रे कुंपणाच्या मुळाशीच उकरते. पायाखाली जाळी लागली की थांबते. आतली जागा फार ऐसपैस किंवा कोपऱ्यांची नको. घाबरलेल्या मेंढ्या कोपऱ्यात एकमेकींवर चढतात आणि कितीतरी चाव्याने नव्हे, गुदमरून मरतात. लुकलुकणारे सौर दिवे थोडे दिवस चालतात, नंतर कुत्र्यांना त्यांची सवय होते. रोज जागा बदलली तर थोडे जास्त टिकतात. राखणीचे कुत्रे ठेवावे, पण माजावर आलेली कुत्री वाड्यावर असेल तर ती अख्ख्या पंचक्रोशीतल्या नरांना आमंत्रण देते. तिची शस्त्रक्रिया आधी.

नसबंदीचे समर्थक आणि विरोधक दोघेही अर्धेच बोलतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडायचे, आणि हे काम स्थानिक संस्थेचे, म्हणजे गावात ग्रामपंचायतीचे. गावात पन्नास कुत्री असतील तर पस्तीस तरी एका हंगामात झाली पाहिजेत, त्यातही माद्या अगोदर. दहा-बारा नरांवर शस्त्रक्रिया करून फोटो काढले तर पिल्ले तितकीच होतात. आपल्याकडे पावसाळा सरता सरता कुत्र्यांचा माज सुरू होतो, म्हणजे शिबिर एप्रिल ते जुलैत हवे. मार्चअखेरचा निधी संपवायला घेतलेले नको. शेजारची चार गावे एकदम घेतली नाहीत तर रिकामी जागा बाहेरची कुत्री भरतात. पण हेही खरे की मेंढ्यांची चटक लागलेले कुत्रे नसबंदीने शिकार सोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री परत न सोडण्यास सांगितले. वारंवार मेंढ्या मारणारी टोळी ‘आक्रमक’ ठरते की नाही, हे शासनाने एका परिपत्रकाने स्पष्ट करावे. आज तालुक्याला विचारले तर ते जिल्ह्याकडे बोट दाखवतात.

थायमेट हे विषारी कीटकनाशक घातलेले मटण हा गुपचूप चालणारा उपाय. त्याने चटक लागलेले हुशार कुत्रे मरेलच असे नाही. तरस, लांडगा, घार आणि शेजाऱ्याचे कुत्रे मात्र मरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते ती वेगळीच.

जखमी मेंढीकडे दुर्लक्ष होते, आणि हल्ल्यानंतरची बरीच मर तिथेच टाळता येते. हातमोजे घालून जखमेभोवतीची लोकर कापा. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन लावा. टाके घालू नका, आत पू धरतो. माश्या बसू देऊ नका, नाहीतर तीन दिवसांत अळ्या पडतात. रेबीजची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. कुत्र्याची लाळ आपल्या हाताच्या चिरेला लागली असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

विमा काढलेल्या मेंढीच्या कानात १२ अंकी बिल्ला असतो. कुत्री नेमका कान ओढतात आणि बिल्ल्यासकट तोडून नेतात. मग दावा अडकतो. बिल्ले मारले त्याच दिवशी प्रत्येक मेंढीचा बिल्ल्यासह फोटो काढून ठेवावा. आणि वन विभाग व पशुसंवर्धन विभागाने पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा: ‘गळ्याची व मांडीची कातडी सोलून पाहिली काय? रक्त साकळले आहे काय?’

आपला,
एक पशुवैद्यक