शाळा समिती निवडायचीय, शनिवारी या
राम राम भाऊ-ताईहो, शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिथंच पालकसभा आहे, शाळा व्यवस्थापन समिती नवी निवडायचीय. कापूस वेचणी चालूय माहितीय, पण घरातून एकाने तरी याच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे, समितीत ७५ टक्के पालकच आणि निम्म्या जागा बायांच्या, म्हणून तायांनो नुसतं सहीपुरतं नाव नका देऊ, बोलायला या. अनुदान कुठं खर्चलं, शाळा नीट चालते का, हे बघायचा हक्क समितीला आहे, शाळेचा विकास आराखडा पण तीच करते!! मी स्वतः उभी राहतेय, मुलींच्या संडासात पाणी नाही हे आता बघवत नाही. अजून कोणाला उभं राहायचं असेल तर आजच ग्रुपवर सांगा.