पगार घेते, आणि कामही करते

महोदय,

पगारी समाजसेवकांवर टीका करणारे कालच्या अंकातले पत्र वाचले आणि रात्रभर ते डोक्यातून जाईना. सेवा करायची तर पगार कशाला, असा पत्रलेखकांचा सवाल आहे. मी गेली 11 वर्षे गोव्यात, डिचोलीतल्या एका छोट्या संस्थेत पगार घेऊन काम करते, म्हणून हे लिहिते आहे.

संस्थेचा प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत हवा, असे ते म्हणतात; पण ती मर्यादा विदेशी देणग्यांच्या कायद्यातली आहे. 2020 च्या दुरुस्तीत प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. आमच्याकडे परदेशातून एक पैसा येत नाही. तरी इथले देणगीदारही तोच आकडा ऐकवतात आणि ‘फक्त धान्यासाठी’ असे लिहून घेतात.

जुलै 2021 मध्ये म्हादई नदीला पूर आला, तेव्हा आम्ही सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर गेलो. धान्य भरपूर आले होते. जुने कपडे तर इतके, की शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथल्या एका आजींच्या घराची मातीची भिंत कोसळली होती. त्यांनी माझ्या हातात एक प्लास्टिकची पिशवी दिली. आत आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, घरपट्टीच्या पावत्या. चिखलाने सगळ्याचा एक गोळा झालेला. देवळाच्या मंडपात बसून मी एकेक कागद सोडवला आणि वर्तमानपत्रांच्या घडीत दाबून सुकवला. पासबुकावरचा नंबर पुसून गेला होता. मग पंचनाम्याची प्रत, झेरॉक्स, दाखले. भरपाईसाठी आजींना घेऊन कचेरीत सात हेलपाटे घातले. दर वेळी कुठला तरी कागद कमी. प्रत्येक फेरीनंतर आजी विचारायच्या, “बाये, फाल्यां येतलें मगे?” (बाई, उद्या येशील ना?)

मधेच चतुर्थी आली. भिंत नव्हती, बांबूंना निळी ताडपत्री बांधलेली, पण आजींनी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवतात ती चौकट, सोडली नव्हती. नारळ, सुपारीचा घड, एक तोरिंग (लिंबाच्या जातीचे मोठे फळ), इतकीच. निघताना त्यांनी कागदात बांधून चार नेवऱ्या दिल्या. आजही काम सोडावेसे वाटले की मला ती माटोळी आठवते.

शेवटी भरपाई खात्यात जमा झाली. माझ्या सात फेऱ्या, पेट्रोल आणि झेरॉक्स मात्र हिशेबात ‘प्रशासकीय खर्च’ ठरले. देणगीदाराने ते नामंजूर केले आणि माझा पगार दोन महिने लांबला. माझे म्हणणे एवढेच, की तांदळाचे पोते कोणीही पोचवू शकतो. आजींना त्यापेक्षा सोबत येणारे माणूस हवे होते, आणि त्या माणसालाही घरभाडे भरावे लागते.

आमच्या संस्थेतल्या दोन मुली याच कारणाने काम सोडून गेल्या. 11 महिन्यांचा करार, प्रकल्प संपला की घरी बसा. त्यातली एक आता कळंगुटला हॉटेलात रिसेप्शनवर आहे. वाड्यावर कुणाला कुठली गोळी सुरू आहे हे तिला तोंडपाठ होते. लोक अजून तिचे नाव घेऊन विचारतात.

आणखी एक, आणि हे थेट आपल्यासाठी. पुरानंतर एका दैनिकात आजींचा फोटो आला होता. एका पोत्याला पाच जणांचे हात, मधोमध आजी, मान खाली घातलेली. तो लेकीच्या सासरी पोचला. पुढचे पंधरा दिवस आजी शरमेने घराबाहेर पडल्या नाहीत. पावसाळा तोंडावर आहे, वाटपाचे फोटो पुन्हा आपल्याकडे येतील. देणाऱ्यांची नावे खुशाल छापा, पण मदत घेणाऱ्यांचे चेहरे छापू नका, ही हात जोडून विनंती.

एक कार्यकर्ती, डिचोली