वाचा, मी थांबते

वकील मॅडम,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागून आज नऊ दिवस झाले. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात तुमचे आभार मानायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. तुम्ही म्हणालात, "आधी आईला फोन करा," आणि पुढचा पुकारा झाला म्हणून आत गेलात. म्हणून हे पत्र.

सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, त्याला कारण आहे. आत्ता या घटकेला कुठल्या तरी पोलीस ठाण्यातल्या बाकावर माझ्यासारखाच कुणी बसला असेल आणि घरचे त्याला सांगत असतील, "तू काही केलं नाहीस ना? मग वकील कशाला?" तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण तुम्हाला विचारलेलं नाही.

मला हे वाक्य काकांनी सांगितलं होतं. गोदामात माल कमी आढळला होता आणि स्टॉक रजिस्टरवर सह्या माझ्या होत्या. वरिष्ठ घाईत असायचे, "आकडे मी बघितलेत, तू सही कर" म्हणायचे आणि मी करायचो. चौकशीला बोलावणं आलं तेव्हा काका म्हणाले, "वकील घेऊन गेलास तर त्यांना वाटेल तुझंच काहीतरी आहे. खरं ते सांग आणि मोकळा हो." मी अडीच तास बोललो. किल्ली कुणाकडे असायची, उशिरा कोण थांबायचं, आठवलं ते सगळं सांगितलं. आठवत नव्हतं तेही अंदाजानं सांगितलं, कारण गप्प बसलो तर लपवतोय असं वाटेल ही भीती. जिथं अंदाज चुकला तिथं मी खोटारडा ठरलो. ज्यानं खरंच काही केलेलं असतं तो तोलूनमापून बोलत असेल. ज्यानं केलेलं नसतं तो भाबडेपणानं बोलतच सुटतो, आणि म्हणूनच त्याच्या शेजारी वकील बसलेला हवा.

राज्यघटनेच्या कलम २० (३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. कलम २२ प्रमाणे अटक झालेल्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. आणि तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, असं कायदाच सांगतो. हे सगळं मला तुमच्याकडून कळलं, तेही फार उशिरा. त्या रात्री पुढे आलेल्या प्रत्येक कागदावर मी सही केली होती. कशावर केली ते आजही सांगता येणार नाही.

मग अटक, आणि मग पहिले वकील. ओळखीतून मिळाले, पूर्ण फी आधी घेतली आणि कोऱ्या वकीलपत्रावर माझी सही घेतली. जामिनाच्या पहिल्या तारखेला ज्युनिअर आला आणि पुढची तारीख घेऊन गेला. दुसऱ्या तारखेलाही तेच. तिसऱ्या तारखेला कुणीच आलं नाही. आईनं दागिना मोडून ते पैसे उभे केले होते. त्यांच्याबद्दल मनात अजून राग आहे आणि तो मी लपवत नाही. आपलं माणूस आत आहे आणि त्याचा वकील फोन उचलत नाही, यासारखी लाचारी दुसरी नाही. वकील बदलता येतो, एवढंही आम्हाला माहीत नव्हतं.

त्या तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी विचारलं, "वकील कुठे आहेत?" मी मान खाली घातली. तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी उभ्या होतात. कोठडीत असलेल्याला, त्याची मिळकत कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकलं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात ते लिहिलेलं आहे. मला तेहतीस दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही कठड्याजवळ आलात आणि वकीलपत्र पुढे केलंत. मी सवयीनं विचारलं, "सही कुठे करू?"

तुम्ही कागदावर हात ठेवलात. "आधी वाचा."

मी म्हटलं, "मॅडम, साहेब थांबलेत." तुम्ही वळून न्यायाधीशांना सांगितलंत, "आरोपी वकीलपत्र वाचत आहेत, दोन मिनिटं द्यावीत." मग मला म्हणालात, "वाचा, मी थांबते."

मॅडम, तुम्हाला कदाचित हे आठवतही नसेल. माझ्यासाठी चार वर्षांच्या खटल्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तो साधा छापील कागद, तो कुणीच वाचत नसेल. हवालदारानं माझा दंड धरलेला, मागे पुढच्या आरोपींची रांग, तुमच्या काखेत तीन फायली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अक्षरं दिसलीच नाहीत, दुसऱ्यांदा वाचावं लागलं. एका ओळीत तडजोड करण्याचा अधिकार असं काहीसं होतं. मी विचारलं, "म्हणजे मी केलं असं तुम्ही कबूल करणार?" तुम्ही हसला नाहीत, वैतागला नाहीत. "तुम्हाला विचारल्याशिवाय मी काहीही करणार नाही," म्हणालात. तेहतीस दिवस मी 'ए' होतो, 'हा' होतो, 'आरोपी क्रमांक एक' होतो. त्या दोन मिनिटांत परत माणूस झालो.

जामीन कसा झाला, पुढे किती तारखा पडल्या, ते इथं सांगत बसत नाही. पण दोषारोपपत्र मिळालं तेव्हा तुम्ही मला समोर बसवून प्रत्येक पान वाचायला लावलंत. शेवटच्या जोडकागदांत माझाच रजेचा अर्ज निघाला, वरिष्ठांच्या सहीनं मंजूर झालेला. आणि त्याच तारखेला रजिस्टरवर 'माझी' सही होती. तो कागद पहिल्यापासून फायलीतच होता! कुणी उलटून पाहिला नव्हता.

माझ्या त्या वरिष्ठ साहेबांच्या उलटतपासणीत तुम्ही आवाजही चढवला नाहीत. अर्ज दाखवलात, ही मंजुरीची सही तुमची का? हो. रजिस्टर दाखवलंत, मग ते रजेवर असताना ही सही कुणी केली? साहेब म्हणाले, आठवत नाही. मी स्वतः उभा असतो तर ओरडलो असतो, रडलो असतो, आणि नेमका तो प्रश्न विचारायचा राहून गेला असता.

खटल्याच्या काळात मी अमेरिकेतल्या क्लॅरेन्स गिडियनबद्दल वाचलं. १९६१ साली फ्लोरिडात त्याच्यावर घरफोडीचा आरोप आला. वकिलाला पैसे नव्हते, कोर्टानं वकील दिला नाही, बिचाऱ्यानं स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून त्यानं पेन्सिलीनं सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. १९६३ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला आणि खटला पुन्हा चालला. आरोप तोच, न्यायाधीशही तेच, फक्त या वेळी शेजारी वकील होता. तो निर्दोष सुटला. हे वाचून मी रात्रभर जागा होतो. आपल्याकडेही १९८६ साली सुक दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली, कारण त्या माणसाला मोफत वकील मिळतो हे कुणी सांगितलंच नव्हतं आणि तो वकिलाविना खटल्याला सामोरा गेला होता. म्हणजे माझं अज्ञान जगावेगळं नव्हतं तर.

नातेवाईकांत एक जण म्हणाले, "ती बाई चोरांच्याही केसेस घेते." घेत असेल. ज्यानं केलं असेल त्याच्याही कागदावर कुणीतरी हात ठेवून "आधी वाचा" म्हणायलाच हवं, असं आता मला मनापासून वाटतं. आणि चांगुलपणा फक्त काळ्या कोटातच भेटला असंही नाही. पहिल्या रात्री एका हवालदारानं स्वतःच्या मोबाईलवरून आईला फोन लावून दिला होता. त्यांनी तो लावला नसता तरी त्यांना कुणी विचारणार नव्हतं. कोर्टातल्या एका कारकून बाई प्रत्येक तारखेला आईला पंख्याखालची जागा दाखवायच्या. अशा माणसांची नावं कुठल्याच निकालपत्रात येत नाहीत.

निकालाची प्रत मिळाली. एकवीस पानं आहेत. आईला वाचता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी दोन-दोन पानं वाचून दाखवतो. काल साहेबांच्या साक्षीपर्यंत आलो. "आठवत नाही" ते उत्तर आलं तशी तिनं मला थांबवलं. म्हणाली, "बाईंनी काय विचारलं ते परत वाच."

मी परत वाचलं.

आपला कृतज्ञ,
तुमचा एक अशील