गटार बांधले, सांडपाणी ओढ्यात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या बाराशे वस्तीच्या गावात गेल्या वर्षी बंदिस्त सिमेंटची गटारे झाली. गल्ल्या कोरड्या झाल्या, डास कमी झाले आणि काम करणाऱ्यांचे कौतुकही झाले. त्यात माझाही वाटा होता, हे आधीच कबूल करतो. मात्र गटार संपते ते थेट ओढ्यात, आणि तिथून साठ-सत्तर पावले खाली नळयोजनेची विहीर आहे. गटाराच्या तोंडाशी राखाडी फेस, भाताची शिते आणि शाम्पूच्या फाटक्या पुड्या साचलेल्या असतात. पूर्वी तिथे पाण्यावर जाणारी जनावरे आता गुराख्याने कितीही हाकलली तरी त्या पाण्याला तोंड लावत नाहीत.

जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी गृहीत धरलेले आहे आणि त्यातील साधारण 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. या हिशेबाने आमच्या गावातून रोज पन्नास हजार लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर भरतील एवढे पाणी ओढ्याला जाते. आणि उन्हाळ्यात हेच गाव टँकरची वाट पाहत बसते.

हे पाणी घराजवळच जिरवता येते, हे नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावांनी शोषखड्ड्यांतून दाखवून दिले आहे. साधारण चार फूट खोल खड्ड्यात छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी ठेवून तिच्याभोवती दगड भरले, की मोरीचे पाणी जागेवरच मुरते. आमच्या जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ वाढायची, तोही याच जातीचा उपाय होता. अंगणात फरशी आली आणि तो गेला.

मात्र सरसकट खड्डे खणून कागदावर आकडा दाखवण्यालाही माझा विरोध आहे. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, खड्डा मुरुमापर्यंत गेला नाही तर पहिल्या पावसातच तो तुडुंब भरतो आणि वर्षभरात त्याचा उकिरडा होतो. शिवाय भांड्यांचे खरकटे व तेलकटपणा अडवणारा जाळीचा चेंबर आधी नसेल, किंवा असूनही कोणी साफ करत नसेल, तर चांगल्या जमिनीतला खड्डासुद्धा तुंबतो. विहिरीजवळ तर तो नकोच. जिथे मुरुम लागत नाही, तिथे गटाराच्या शेवटी गायरानात स्थिरीकरण तळे, म्हणजे सांडपाणी काही दिवस साठवून आपोआप निवळू देणारे तळे, करून त्यातील पाणी झाडांना देणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे शौचालयांच्या टाक्यांचे पाइप. गटार झाल्यावर काहींनी ते गुपचूप त्यातच सोडले. मोरीचे पाणी आणि मैला एकदा मिसळला, की शोषखड्डा काय, साधे तळेही पुरत नाही. दोन खड्ड्यांच्या शौचालयात एक खड्डा भरला की दुसरा सुरू करून पहिल्यात खत होऊ द्यायचे असते. हे गावात नीट कोणी समजावले नाही, म्हणून लोकांनी सोपी वाट धरली.

पैशाची अडचण पूर्णपणे खरी नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या लोकसंख्येच्या गावांना सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांची तरतूद आहे, म्हणजे आमच्या गावासाठी तीन लाख छत्तीस हजार. खड्डे रोजगार हमीतूनही घेता येतात. आता वस्तीत आणखी गटारे घेण्याचा विचार आहे. त्यांचे अंदाजपत्रक करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने प्रत्येक गल्लीत एक चाचणी खड्डा खणून मुरुम किती फुटांवर लागतो ते पाहावे, गटारात सोडलेले मैल्याचे पाइप बंद करावेत आणि चेंबर साफ करण्याचे काम कोणाकडे व किती मानधनावर राहील, हे येत्या 1 मेच्या ग्रामसभेत ठरवावे, अशी मागणी मी लेखी दिली आहे. ती पोहोचल्याची सही मिळाली आहे, उत्तर अद्याप आलेले नाही.

आपला नम्र,
एक ग्रामस्थ, सोलापूर जिल्हा