दोनानंतर थेट शून्य नको

म्हार्दोळ,
शुक्रवार, रात्री

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचा मेसेज आईला आला, तिने वाचून दाखवला. मला वेगळा आला नाही. चालायचंच. चवथीच्या पंगतीत, फोंड्याचा मामा समोर बसलेला असताना, तुझ्या ताणून रुंद केलेल्या कानाच्या भोकांवरून 'सोनाराच्या घरात कानाला बोगदे' असं मी बोलायला नको होतं. तू अर्धी नेवरी पानात टाकून उठलास. ती मीच मग खाल्ली, आई बघत होती.

भांडण पुढे चालवायला लिहीत नाही. बेसिनवर तुझी त्या भोकात घालायची एक काळी गुंडी राहिली होती. दुकानात नेऊन व्हर्नियर लावला. ५ मिलिमीटर. भिंगाखाली धरली तर प्लॅस्टिकला केसाएवढी चीर, चिरेत मळ, आणि वास. ताई म्हणते, हे जुनं माप, आता तू २ नंबरवर आहेस आणि दिवाळीपर्यंत ० गाठणार. म्हणजे नंबर उतरतो तसं भोक वाढतं. तेव्हापासून माझं चित्त कामात नाही. काल एका बाईच्या मंगळसूत्राची कडी डाख लावून दोनदा जोडली.

लहानपणी तू जंत्रीच्या, म्हणजे तार ओढून बारीक करायच्या पट्टीच्या, भोकांतून दिव्याकडे बघत बसायचास. तार ओढताना आम्ही एकही भोक वगळत नाही, आणि मधूनमधून तापवून नरम केल्याशिवाय पुढच्या भोकात घालत नाही. घाई केली की तुटते. तुटली तर वितळवायची, पुन्हा ओढायची. कानाच्या पाळीला ती सोय नाही.

आणि नंबरांत फसू नको. २० वरून १८ वर गेलास तेव्हा फरक जेमतेम ०.२ मिलिमीटर होता. २ वरून ० म्हणजे साडेसहा मिलिमीटरवरून एकदम ८. दीड मिलिमीटर! मध्ये ७ घे, मग साडेसात. शिवाय आमच्या तारेचा ४ नंबर जवळजवळ ६ मिलिमीटर भरतो, तुमच्या कानवाल्यांचा ५ च्या थोडा वर. मापं दोन, नंबर तोच. दुकानात नंबर सांगू नको, मिलिमीटर सांग.

प्रत्येक मापावर निदान दीड-दोन महिने थांब. पाळी मऊ असेल, दुखत नसेल, तरच पुढे. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, तेल लावून पुढचं माप घाल; अडलं तर थांब, दाबू नको. रक्त आलं, किंवा मागच्या बाजूला कातडीची लाल कडी बाहेर उलटली, तर लगेच खालच्या मापावर ये आणि महिनोन्‌महिने तिथेच राहा. ताज्या भोकात काच किंवा चांगलं टायटॅनियम. प्लॅस्टिक, रबर, लाकूड नको. भोक ताणायची ती निमुळती काडी आत सरकवण्यापुरती, दागिना म्हणून घालून फिरायची नाही. आणि कानाच्या वरच्या कुरकुरीत भागाला तर...

पुरे. पुन्हा बोगद्यावरच आलो. माफ कर. तुला हे सगळं माहीत असेल, तुमच्या मोबाइलवर सगळं असतं. पण दोनवरून शून्य नको, एवढं वाचलंस ना?

आजीची डावी पाळी तुला आठवते का? दोन फाकी झालेली. लोक म्हणायचे, नातवाने ओढली. ओढलीस तू, दीड वर्षाचा होतास, पण ती त्याआधी वीस वर्षं रोज थोडी थोडी फाटत होती. कानात जड काप, भोक ओघळून उभं लांबट झालेलं, खाली दोरीएवढं मांस. काप माझ्या वडिलांनी घडवलेले, म्हणून काढायची नाही. रक्त पदराला पुसत हसली, आणि तुला कुणी रागावू नये म्हणून तुलाच मांडीवर घेऊन बसली. मी टाके घालून आणू म्हटलं तर 'आता कोण बघतंय' म्हणाली. तुला बघणारे पुष्कळ आहेत, अजून लग्न व्हायचंय. हे आईने लिहायला सांगितलं. माझं म्हणणं एवढंच, ८-१० मिलिमीटरच्या पुढे गेलं की भोक आपोआप मिटेलच असं नाही, मग टाक्यांशिवाय उपाय राहत नाही.

तुझे कान बाराव्या दिवशी मीच टोचले. शेकडो पोरांचे टोचलेत, हात कधी थरथरला नाही. तुझ्या वेळी काजळाचे ठिपके तीनदा पुसून पुन्हा लावले. परवा तू पाठमोरा गणपतीच्या वरची फळांची माटोळी बांधत होतास तेव्हा पाहिलं, दोन्ही भोकं अजून एका रेषेत आहेत. एवढी ताणूनसुद्धा. बोललो नाही, पण पाहिलं.

आता एक काम कर. दोन्ही कानांचं माप मिलिमीटरमध्ये कळव, वेगवेगळं मोजून; उजवा-डावा सारखा असतोच असं नाही. पाळीची जाडीही. पूर्ण भरून आल्यावर घालायला सोन्याची जोडी करून ठेवतो, आतून पोकळ, हलकी. सातची करू का साडेसातची, तू सांग. आठची मी करणार नाही, इतक्यात तरी नाही.

तुझा,
बाबा

ता. क. काळी गुंडी परत मागू नको. फेकली.