सिद्धान्त डळमळला म्हणून गोळी थांबवू नये

महोदय,

नैराश्य म्हणजे मेंदूतील सेरोटोनिन या रसायनाची कमतरता, या समजुतीला २०२२ मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या आढाव्याने जोरदार धक्का दिला. ‘मग या गोळ्या घ्यायच्या कशाला?’ हा प्रश्न तेव्हापासून अधिकच विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. मात्र नैराश्यावरची पहिली औषधे कोणत्याही सिद्धान्तातून निघालेली नव्हती, हे त्यात विसरले जाते. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड दिले जात होते ते क्षयावर, आणि रुग्णांना हुरूप आलेला पाहून डॉक्टर चकित झाले. त्याचे स्पष्टीकरण मागाहून आले. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे पुढचे औषध सेरोटोनिन डोळ्यांसमोर ठेवून शोधले गेले हे खरे, पण त्याचा गुण ठरला तो रुग्णांवरील चाचण्यांतून. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा तपासलेली सर्व २१ औषधे औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरली. फरक माफक होता, हेही सांगितलेच पाहिजे.

गोळी घेतल्यावर सेरोटोनिनची पातळी काही तासांत बदलते आणि मन सावरायला मात्र काही आठवडे लागतात, ही विसंगती संशोधकांना कितीतरी आधीपासून खुपत होती. केटामाइनने तिला वेगळेच वळण दिले. भूल देण्यासाठी वापरले जाणारे हे औषध ग्लुटामेट या मेंदूतील दुसऱ्याच रसायनाच्या एनएमडीए ग्राहींना (चेतापेशींवरील, रसायनाचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांना) अडवते, आणि येल विद्यापीठात २००० मध्ये अवघ्या सात रुग्णांवर झालेल्या अभ्यासात त्याचा परिणाम तीन दिवसांच्या आत दिसला. त्याच्याच एका रूपाला, एस्केटामाइनच्या नाकातील फवाऱ्याला, अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. मात्र तो घरी न्यायचा नाही, आणि दवाखान्यात घेतल्यावर किमान दोन तास देखरेखीखाली बसावे लागते. ‘जादुई औषध’ असे मथळे देताना ही अट हमखास गळते.

ग्राहींवरचे संशोधन असे पुढे सरकत असताना चालू गोळी परस्पर बंद केली, तर चक्कर, निद्रानाश, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास संभवतात आणि आजारही उलटू शकतो. गोळी थांबवायचीच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू मात्रा कमी करत थांबवावी.

तेव्हा आपल्या दैनिकाने अशा संशोधनाची बातमी छापताना अभ्यासात किती रुग्ण होते हे पहिल्या परिच्छेदात द्यावे, आणि चौकटीत टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त औषधशास्त्र शिक्षक, सांगली